पापणीला लावावे, पापणीला लावू नये

यशोधराची पापणी लवायची. बाकी तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. उंची होती, हात लांब होते, दम होता, आणि माझ्याकडून गेलेला संताप तर पोतंभर होता. पण समोरून ठोसा निघाला की तो पोचायच्या आधीच हिचे डोळे गच्च मिटायचे. मग तो नाकावर बसला की जबड्यावर, हे तिला खाली पडल्यावरच कळायचं.

"प्रणिताताई, तुमची पोरगी बॉक्सिंग नाही करून रायली," डाबेराव सर मला म्हणाले. "ते आंधळी कोशिंबीर खेळून रायली."

सर अकोल्यात, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये मुलींना बॉक्सिंग शिकवायचे. साल २०४१. यशो अठराची, सत्तावन्न किलोच्या गटातली. चार वर्षं ती मार खाऊन घरी येत होती आणि मी तिच्या सुजलेल्या ओठांना बर्फ लावत होते. सोड हे, असं कितीदा तोंडावर आलं. पण बापाविना वाढलेल्या पोरीला एका गोष्टीची हौस, ती मोडायची तरी कशी?

माझं जठारपेठेत ब्यूटी पार्लर आहे. होतं. पापण्यांचे केस वाढवून देण्यात माझा हात धरणारं अकोल्यात कोणी नव्हतं, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी आता सांगणार नाही. वरच्या पापणीला शंभर-सव्वाशे केस असतात. एकेक केस चिमट्याने वेगळा करायचा, त्यावर कृत्रिम केस चिकटवायचा आणि शेजारच्याला डिंक लागू द्यायचा नाही. दोन केस एकमेकांना चिकटले की त्यांची ओढाताण होते, आणि अस्सल केस मुळासकट उपटून येतो. दोन तास मी बायकांच्या डोळ्यांवर अशी वाकलेली असायचे. माझ्या हातून कुणाचा एक अस्सल केस फुकट गेलेला नाही, असं मी छाती ठोकून सांगायचे.

त्या वर्षी 'निमिष' नावाचं द्रावण बाजारात आलं.

पापणीचा केस नुसता शोभेला नसतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी मज्जातंतूंचं वेटोळं असतं. धूळ, चिलट, वाऱ्याची झुळूक, काहीही केसाला शिवलं की निरोप मेंदूच्या देठापर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. विचार करणाऱ्या मेंदूला कोणी विचारतसुद्धा नाही. सेकंदाच्या दहाव्या भागात डोळा मिटलेला असतो. लांब केस लावले की ते जरा वाऱ्याने हलतात आणि असे खोटे निरोप दिवसभर जात राहतात. डोळे फडफडतात, खाजतात, बाया चोळतात आणि चोळून चोळून अस्सल केसांची वाट लावतात. 'निमिष' त्या वेटोळ्यांना आठवडाभर झोपवायचं. केस शांत, डोळा शांत, मुळं शाबूत.

बाटलीबरोबर मराठी माहितीपत्रक होतं. यंत्राने भाषांतर केलेलं असणार, ते वाचताच कळत होतं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं: 'द्रावण पापणीला लावावे. पापणीला लावू नये.'

मी हसले. गिऱ्हाईक बायकांना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. पण मी काही दुधखुळी नव्हते, अर्थ माझ्या बरोबर ध्यानात आला. आपण वरची पापणी म्हणतो, खालची पापणी म्हणतो. लांब केस लावतो ते वरचीला. म्हणजे द्रावण वरच्या पापणीला लावायचं, खालच्या पापणीला नाही. छापताना 'वरच्या' आणि 'खालच्या' गाळले असतील. उलट विचारायची गरजच वाटली नाही.

यशोच्या मामेबहिणीचं लग्न होतं. पोरीला नटायची हौस कधी नव्हती, त्या दिवशी मात्र म्हणाली, "आई, मले बी लावून दे ना लांब पापण्या." मी हरखले. तिला खुर्चीत आडवं केलं आणि 'निमिष'ने वरची अख्खी पापणी भुवईपर्यंत सारवून काढली. एक नाही, दोन हात दिले.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी तिचा डबा द्यायला शेडवर गेले, तेव्हा रिंगमध्ये तिच्यासमोर तेजल होती.

तेजल भटकर ही बाळापूरकडच्या एका खेड्यातली पोरगी. सरांच्या होस्टेलवर राहायची आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायची. मला काकू म्हणायची आणि वांग्याच्या भाजीवर तुटून पडायची. यशोची सगळ्यात जवळची मैत्रीण, आणि आठवड्यातून दोनदा यशोला झोपवणारीही तीच.

तेजलचा उजवा सुटला. यशो त्याच्याकडे बघत राहिली. बसची वाट बघावी तशी निवांत बघत राहिली आणि अगदी शेवटच्या वितीला तिने मान बाजूला घेतली. ठोसा हवेत गेला. तिचा डावा तेजलच्या बरगड्यांत शिरला, लगेच उजवा तोंडावर. तेजल दोरांवर आदळली. यशो थांबली नाही. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला दाराशी ऐकू आला. सरांनी यशोला कमरेला धरून मागे ओढलं, तरी तिचे हात हवेत चालूच होते.

"आई," ती धापा टाकत मला म्हणाली, "मले सगळं दिसते. हात निघते तिथपासून दिसते."

सरांना कारण काढायला दोन दिवस पुरले. पुढच्या आठवड्यात ते सहा मुली घेऊन पार्लरमध्ये आले. नाकावर पट्टी बांधलेली तेजल सगळ्यांत पुढे होती. मी सातहीजणींच्या पापण्या सारवल्या, दर आठवड्याला सारवत राहिले. जिल्हा, विभाग, विद्यापीठ. अकोल्याच्या पोरी जिथे उतरल्या तिथे समोरच्या पोरींना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. वर्तमानपत्रात 'पापणी न लवणाऱ्या वाघिणी' असा मथळा आला. मी तो कापून पार्लरच्या आरशाला चिकटवला. अभिमान वाटला मला, खोटं कशाला बोलू?

शेडमधला सराव मात्र बघवेना. एकीचे पुढचे दोन दात गेले. एकीच्या कानाचा पडदा फाटला. फरशीवरचं रक्त पुसायला बादली रिंगशेजारीच ठेवलेली असायची. मी बघत बसायचे आणि मला एक गोष्ट दिसायची. पूर्वी समोरचीचे डोळे मिटले, चेहरा आक्रसला की मारणारीचा पुढचा हात जरासा सैल पडायचा. कोणी शिकवलेलं नव्हतं ते. आता समोरचे डोळे टक्क उघडे. त्यांच्यात ना भीती, ना पुरे म्हणणं. मग मारणारीला थांबायचं कारणच सापडत नसे.

वरून आणखी एक. त्या वर्षापासून लढत थांबवायचं काम कॅमेऱ्याकडे गेलं होतं. रिंगच्या चार खांबांवर चार कॅमेरे. डोक्याला मार बसला की माणसाच्या पापण्या जड होतात, वेड्यावाकड्या लवतात. कॅमेरा ते मोजायचा आणि लाल दिवा लावायचा, की पंचाने लढत थांबवायची. आमच्या पोरींच्या पापण्या लवतच नव्हत्या. त्यांच्यासाठी दिवा कायम हिरवा.

तीन महिने गेले. एका सकाळी यशोचे जुने केस काढून नवे लावायला मी भिंग ओढलं आणि माझा चिमटा थांबला. अस्सल केसांची रांग मधेमधे रिकामी होती. जे उरले होते ते लव असावी तसे पांढुरके, बारीक. मुळं कोरडी. पापणीचा एक केस गळला की नवा पुरता यायला तीन-चार महिने लागतात. इथे नवे येत नव्हते. आणि डाव्या बुबुळावर, ताकाचा थेंब सुकावा तसा, एक धुरकट डाग.

तिला तशीच उठवून मी डॉक्टर काळणे मॅडमकडे नेलं. त्यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "काय लावता पापण्यांना?" मी पर्समधून बाटली आणि पत्रक काढलं. यशोला बाहेर बसवून त्यांनी पत्रक वाचलं, मग फोनवर मूळ पत्रक शोधून तेही वाचलं.

"तुम्ही हे कातडीवर लावत होता?"

"वरच्या पापणीला. खालच्या नाही," मी म्हटलं.

"अहो बाई, वरच्या-खालच्याचा प्रश्नच नाही. मूळ भाषेत केसाला एक शब्द आहे आणि कातडीला दुसरा. केसाला लावा, कातडीला लावू नका, असं लिहिलंय. आपल्याकडे दोन्हीला पापणीच म्हणतात." त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं. "केसांच्या मुळाशी थांबायचं ते तुम्ही पापणीच्या स्नायूत मुरवलंत. मनात आणलं तर डोळा मिटतो तिचा. आपोआप मिटत नाही. दिवसाला चौदा-पंधरा हजार वेळा लवणारी पापणी आता हजार वेळाही लवत नसेल. डोळा ओला राहत नाही, त्या मारात केसांची मुळंही मेली, आणि बुबुळावरचा पडदा झिजून कागदासारखा झालाय."

"बरा होईल?"

"आज बंद केलंत तर होईल. आठ दिवसांत पापणी लवायला लागेल, डोळा हळूहळू भरेल. पण ती बॉक्सिंग खेळते ना? उघड्या डोळ्यावर एक नेमका ठोसा बसू दे. पिकल्या टमाट्यासारखा फुटेल."

राज्य संघाच्या निवड चाचणीला अकरा दिवस होते.

मी सरांना गाठलं. सगळं सांगितलं. सरांनी शेडचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "चाचणी होऊ द्या, ताई. मंग बंद करू. आता पोरीईले सांगतलं तं त्या मनानंच हारतीन." मी मान डोलावली. माझी चूक गावभर होऊ नये, ही इच्छा मलाही होतीच. सगळ्याच पोरींचे डोळे असे झाले असणार, हे मला कळत होतं. मी गप्प बसले.

यशोला मात्र मी घरी बसवून सांगितलं, तिच्यापुरतं. तुझा डोळा खराब झालाय, या वर्षी चाचणी सोड.

"नाही."

"डोळा फुटेल, यशो!"

"एक गेला तं दुसरा हाये," ती म्हणाली. "चार वर्षं मार खाल्ला मी. आता माही पाळी हाये."

मी तिच्या तोंडात मारली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. हात गालावर बसला, मान फिरली, पण डोळे तसेच माझ्यावर. लवले नाहीत, ओलावले नाहीत. दुसरी मारली, निदान आता लवतील म्हणून. तिसरी मारली. चौथ्या वेळी तिने माझं मनगट धरलं, पिरगाळलं आणि मला भिंतीवर आपटलं. देव्हाऱ्यासारखी जपलेली माझ्या लग्नातल्या फोटोची फ्रेम खाली येऊन फुटली. आम्ही दोघी काचांत उभ्या होतो आणि तिच्या ओठातून रक्त येत होतं.

"चाचणीच्या सकाळी लावून देशीन," ती म्हणाली. "नाही तं मी दुसऱ्या पार्लरात जाईन."

आणि मग मला ती युक्ती सुचली.

चाचणीच्या दिवशी सकाळी दोघी मिळून आल्या. यशो आणि तेजल. गट एक, जागा एक. अंतिम लढत त्या दोघींतच होणार हे सगळं अकोला जाणून होतं. आदल्या वेळच्या द्रावणाचा असर दोघींचाही संपत आला होता.

यशो आधी आडवी झाली. मी तिच्या पापण्यांना साधं उकळलेलं पाणी लावलं. दोन हात दिले.

माझा हिशेब सरळ होता. हिची पापणी लवेल. तेजलची लवणार नाही. म्हणजे तेजल जिंकेल, यशो हरेल. डोळा मिटून मार खाईल, तो तिने चार वर्षं खाल्लेलाच आहे. नाक सुजेल, ओठ फाटेल, पण डोळा वाचेल. आणि हरली की हे वेड सुटेल. दोघींना पाणी लावलं असतं तर यशो जिंकलीही असती, आणि पुढच्या चाचणीसाठी मला पुन्हा हाच हट्ट ऐकावा लागला असता. मला माझी पोर हरायला हवी होती.

"काकू, मले बी बेस लावा बरं," तेजल आडवी होत म्हणाली. "आज तुमच्याच पोरीले झोपवाचं हाये." आणि हसली. तिच्याही पापण्यांचे केस विरळ झालेले मला भिंगातून दिसले. बुबुळावर डाग दिसला. मी बाटली उघडली आणि तिला खरं द्रावण लावलं.

स्टेडियम भरलं होतं. पहिल्या मिनिटातच यशोला कळलं की काहीतरी बिघडलंय. तेजलचा हात निघाला आणि यशोचे डोळे मिटले. ठोसा कपाळावर. पुन्हा मिटले. ठोसा तोंडावर. तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून पाहिलं, आणि तेवढ्यात तिसरा कानावर बसला. तीन महिने उघड्या डोळ्यांनी लढलेली पोर पुन्हा अंधारात पडली होती. दुसऱ्या राउंडला तिची भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तेजल तिला सावकाश, नेम धरून मारत होती. मैत्रीण म्हणून हात सैल पडणं आमच्या शेडमध्ये कधीच संपलं होतं. लोक ओरडत होते. सर ओरडत होते, "डोये उघड! डोये उघड वं!"

मी मनातल्या मनात म्हणत होते, पड. पड ना वं माय. पडून राहा.

ती पडली नाही. तिसऱ्या राउंडला तेजलने तिला कोपऱ्यात कोंडलं आणि शेवटचा ठोसा द्यायला सगळं अंग घेऊन पुढे आली. यशोने डोळे घट्ट मिटले आणि हात फिरवला. नेम नव्हता. भिऊन, अंधारात, कोणी अंगावर आलं की माणूस हात फिरवतो तसा. तो तेजलच्या डाव्या डोळ्यावर बसला. तेजल त्या ठोशाकडे बघत होती. तो येताना तिला पूर्ण दिसला असणार.

तेजल थांबली. उभीच राहिली. तिचा एक डोळा माझ्याकडे होता आणि दुसऱ्यातून पाणी आणि रक्त गालावर उतरत होतं. पंचाने खांबाकडे पाहिलं. दिवा हिरवा. यशोचे डोळे अजून मिटलेले होते, समोर काय झालं ते तिला माहीत नव्हतं. तिने आणखी एक मारला. आणखी एक त्याच जागी. मी दोराखालून रिंगमध्ये शिरले, "थांब! यशो, थांब!" म्हणून किंचाळले, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले आणि पाहिलं. तेजल तिच्या पायांपाशी कोसळत होती, हातमोज्यांनी चेहरा चाचपत. "काकू," ती म्हणत होती, "काकू, इकडून काहीच दिसून नाही रायलं."

डॉक्टरांनी डोळा काढला. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात यशो माझ्याशेजारी बसली होती, भुवईला पाच टाके घातलेले. तिची निवड झाल्याचा निरोप तिच्या फोनवर आला होता. तिने तो वाचून फोन पालथा ठेवला.

"माह्या पापण्या काहून लवल्या?" तिने विचारलं. "तू लावलं होतं ना?"

"तुले पाणी लावलं होतं," मी म्हटलं. आणि मग बाकीचंही सांगितलं. पत्रक, कातडी, केस, मॅडम काय म्हणाल्या, सर काय म्हणाले, सगळ्या पोरींचे डोळे, माझा हिशेब.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "तिले बी पाणीच लावाचं होतं ना, आई."

का नाही लावलं, ते मी तिला आत्ताच सांगितलं होतं.

वॉर्डच्या दाराशी तेजलची आई बसली होती. दुपारच्या बसने गावाहून आलेली, पायांत शेतातलीच चप्पल. मला पाहून ती उठली आणि माझे दोन्ही हात धरून रडायला लागली. "तुम्ही होत्या म्हून माही पोरगी शहरात रायली, बाई," ती म्हणाली. "दर रविवारचं सांगे, काकूनं हे करून घातलं, काकूनं ते करून घातलं. पोरीईचा खेळ हाये, लागते कधी. तुमच्या पोरीचा काही दोष नाही."

मी मान खाली घातली. हात सोडवून घेतले आणि माघारी वळले. यशो वाटेत उभी होती. तिने माझा दंड धरला, चाचणीत ठोसा मारला नसेल एवढ्या जोराने, आणि मला परत त्या बाईसमोर उभं केलं.

"सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, पहिल्यापासून. ती बाई सुरुवातीला मान हलवत होती, मग हलवायची थांबली. शेवटी तिने एकच विचारलं, "म्हंजे तुले मालूम होतं?"

"हाव," मी म्हटलं.

तिने मला मारलं. आधी हाताने, मग चपलेने. तोंडावर, डोक्यावर, खाली बसले तर पाठीवर. नर्स धावत आल्या, कोणीतरी त्या बाईला ओढू लागलं. यशो शेजारीच भिंतीला टेकून उभी होती. राज्य संघात निवड झालेली माझी पोर. त्या बाईला एका हाताने अडवू शकली असती. तिने मला सोडवलं नाही.